छाटणीपासूनचे दिवस आणि इन्सुलिनचा पंप: तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

तासगाव तालुक्यातला एक द्राक्षबागायतदार. वय ३४, वजन ६२ किलो. सतराव्या वर्षी टाइप १ मधुमेहाचं निदान झालं, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होणं जवळजवळ थांबलेलं आणि ते जन्मभर बाहेरून घेणं भाग. अडीच एकर बाग, काही वेली मांडवावर, काही इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या आधारावर. घरात आई, बायको आणि शाळेत जाणारा मुलगा. पंपाच्या आधी तो रात्री एकदा दीर्घकाळ टिकणारं आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन पेनने घेत होता. दिवसाचे साधारण ४५ युनिट. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.६ टक्के.

पण पंपाचा विचार त्या ८.६ मुळे सुरू झाला नाही. रात्री साखर उतरून बायकोला त्याला हलवून उठवावं लागण्याचे, साखरपाणी पाजावं लागण्याचे प्रसंग वाढले होते. त्यातले बरेच प्रसंग शेतीची लाईट रात्रपाळीला असते त्या आठवड्यातले. रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला विहिरीवर एकटा जाणारा माणूस, आणि साखर ४५. डॉक्टरांनी पंप सुचवला तो या कारणाने.

मी मधुमेह शिक्षिका म्हणून काम करते. त्याची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, त्याच्या संमतीने लिहिते आहे. लिहावंसं वाटलं कारण पंपाबद्दलचं जे शिकवण्याचं साहित्य माझ्या हाताशी होतं, त्यातली माणसं शाळेत जातात, ऑफिसात बसतात, संध्याकाळी अर्धा तास चालून येतात. उन्हात, घामात, दिवसभर हात वर करून वेलीखाली उभं राहणाऱ्या माणसाला त्यातलं थोडंच लागू पडतं. या प्रकरणातून माझं मत पक्कं झालं की पंपाचे आकडे कामाच्या हंगामावर बसवावे लागतात. आणि ते बसवण्याची शिस्त या माणसाकडे आमच्याकडे येण्याआधीच होती. ती त्याच्या फवारणीच्या वहीत होती.

पावसाळ्यातली सुरुवात

पंप लागला जुलैमध्ये. एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची कामं उरकलेली, ऑक्टोबरच्या फळछाटणीला अवकाश. त्या दिवसांत त्याला सांगलीला येणं-जाणं जमत होतं, म्हणून तो महिना निवडला.

पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन भरतात. ते छोट्या टाकीतून नळीवाटे त्वचेखालच्या बारीक प्लास्टिक नळीत, म्हणजे कॅन्युलात जातं. दिवसरात्र थेंबाथेंबाने जाणारं ते बेसल, जेवणाच्या वेळी बटण दाबून एकदम दिलेलं ते बोलस. हे सांगताना मला फार शब्द खर्चावे लागले नाहीत. तो म्हणाला, "म्हणजे बेसल म्हणजे ठिबक आणि बोलस म्हणजे पाटाचं पाणी." त्यावर लगेच विचारलं, "मग ठिबक चोक झाली तर?" हाच प्रश्न पुढे एप्रिलमध्ये खरा होऊन समोर आला.

सुरुवातीचे आकडे नेहमीच्या पद्धतीने काढले. पेनवरून पंपावर येताना इन्सुलिन थोडं कमी लागतं, म्हणून ४५ मधून वीस टक्के वजा करून ३६. त्याचं निम्मं, १८ युनिट, बेसल म्हणून २४ तासांत वाटलं की तासाला ०.७५. जेवणासाठी ५०० ला ३६ ने भागलं, साधारण १४ आलं: १४ ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. वाढलेली साखर उतरवण्यासाठी १,८०० ला ३६ ने भागलं, ५० आलं: एक युनिटने साखर सुमारे ५० ने उतरेल. हे आकडे फक्त सुरुवातीचे असतात, पुढे रक्ताची तपासणी सांगेल तसे बदलायचे. पहाटे चार ते सातच्या दरम्यान त्याची साखर आपोआप चढत होती, तेवढ्यापुरतं बेसल ०.९ केलं. बाकी जुलै-ऑगस्ट छान गेले.

खरं काम झालं ते चुलीपाशी. छापील तक्त्यात एका भाकरीला ३० ग्रॅम कर्बोदकं लिहिली होती. त्याच्या घरची भाकरी त्या तक्त्यातली नव्हे. बायकोने काट्यावर पीठ मोजलं, एका भाकरीला ८० ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६८ ते ७२ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे एका भाकरीत जवळपास ५५. दोन भाकरी म्हणजे ११०, आठ युनिटच्या आसपास. तक्त्याप्रमाणे तो चार-सव्वाचार घेत होता आणि दर दुपारी साखर अडीचशेवर का जाते याचा शोध घेत होता. त्या दिवसापासून त्या घरात पीठ मोजून घेण्याची वाटी ठरली. सासूबाईंना आधी ते पटलं नाही. पोराच्या पानातलं मोजायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. सुनेने वाद घातला नाही. पीठ त्याच वाटीने घ्यायचं आणि भाकरी मात्र सासूबाईंनीच थापायची, असं ठरवून टाकलं. भाकरीची संख्या कमी झाली नाही, हे त्यांना दिसलं तेव्हा विषय संपला.

बेंदराच्या पुरणपोळीचाही धडा तेव्हाच झाला. तूप आणि डाळ असल्यामुळे साखर सावकाश, उशिरापर्यंत चढत राहते. एकदम सगळं बोलस दिलं की आधी उतरते, मग रात्री चढते. पंपात बोलस दोन भागांत देता येतं, काही लगेच आणि उरलेलं दोन-तीन तासांत पसरून. ते त्याला लगेच जमलं.

फळछाटणी आणि वही

ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली आणि जुळवलेले आकडे कोलमडले. सकाळी अकराला साखर ६०-६५, पहाटे तीनला पुन्हा तेवढीच. अंगमेहनत करताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनही कमी लागतं. आणि काम थांबल्यावर रिकामे झालेले साठे भरून काढायला ते पुढचे कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत साखर ओढत राहतात. म्हणून दिवसभराच्या कष्टाचा फटका रात्री झोपेत बसतो.

अशा वेळी बहुतेक जण घाबरून इन्सुलिन कमी करतात आणि पुन्हा वरच्या आकड्यांवर राहायला लागतात. तो धोका मला दिसत होता. घट्ट नियंत्रणाचा फायदा काय आणि किंमत काय, हे अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ जणांच्या डीसीसीटी या टाइप १ मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्येच दाखवून दिलं आहे: डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, पण साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट झाले. ही किंमत कमी करण्यासाठीच तर पंप घेतला होता.

तो पुढच्या भेटीला फवारणीची वही घेऊन आला. निर्यातीच्या द्राक्षांना औषधाचे अंश तपासले जातात, त्यामुळे कोणत्या दिवशी काय मारलं, किती मारलं, हे लिहिणं या भागात अंगवळणी पडलेलं आहे. बागायतदार तारखेपेक्षा छाटणीपासूनचा दिवस मोजतो. त्याने त्याच पानांवर उजव्या बाजूला साखर लिहायला सुरुवात केली होती. एक नोंद अशी: "दिवस ४२. डिपिंग. सकाळी ६ ला १४८, ९ ला ११०, ११ ला ६४. साखरपाणी. रात्री ३ ला ७१." डिपिंग म्हणजे द्राक्षाचे घड वाढीच्या औषधात बुडवणं.

मी इतक्या वर्षांत साखरेच्या कितीतरी वह्या पाहिल्या आहेत. बहुतेकांत आकडे असतात, त्या दिवशी माणूस काय करत होता ते नसतं. या वहीत दोन्ही शेजारी शेजारी होतं. आम्ही दोघं ती पानं घेऊन बसलो आणि जे दिसलं ते मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. बागेतलं प्रत्येक काम साखर उतरवत नाही. डिपिंग आणि विरळणीत दिवसभर हात वर, मान वर, सतत सरकत राहणं, साखर खाली. काढणीत भरलेले क्रेट उचलायचे, आणखी खाली. पण डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने दिवसाआड फवारणी चालू होती, त्या दिवशी तो ट्रॅक्टरवर बसून ब्लोअर चालवतो. त्या दिवशी साखर उतरत नव्हती, उलट दुपारी थोडी चढीच. "बागेत जायचं" म्हणून सरसकट इन्सुलिन कमी केलं असतं तर फवारणीचा प्रत्येक दिवस तीनशेवर गेला असता.

डॉक्टरांशी बोलून पंपात बेसलचे तीन नमुने भरले. पहिला घरचा आणि फवारणीचा, जुलैचाच. दुसरा कष्टाच्या दिवसाचा: काम साडेसहाला सुरू होतं, पण इन्सुलिनचा परिणाम उतरायला तास-दीड तास लागतो, म्हणून पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत तासाला ०.४५, आणि त्या रात्री ०.६. तिसरा रात्रपाळीच्या लाईटच्या आठवड्याचा: रात्री बारा ते पाच बेसल कमी, आणि विहिरीवर जाण्याआधी बोट टोचून पाहायचं. साखर १०० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग चप्पल घालायची. हा शेवटचा नियम बायकोने घातला. त्या हंगामात त्याला रात्री हलवून उठवण्याची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही.

शरीरावर जागा कुठे, हाही मोठा प्रश्न होता. पोटावर पट्टा घासतो. दंडाच्या मागे लावलं तर दिवसभर हात वर असल्याने ओढ बसते. शेवटी कंबरेच्या मागच्या बाजूला, कुल्ह्याच्या वर, डावी-उजवी आलटून पालटून. एकाच जागी लावत राहिलं की त्वचेखाली गाठी होतात आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. लांब नळी मांडवाच्या तारेत अडकायची, म्हणून आखूड नळी घेतली आणि पंप बनियनच्या आत, जुन्या सुती साडीच्या पिशवीत.

काढणी: बोटावरचा रस

फेब्रुवारीत काढणी सुरू असताना दुपारी त्याने बोट टोचलं, मशीनने ३१२ दाखवलं. पंपाने हिशेब करून चार युनिट सुचवले, त्याने दिले. तासाभराने तो वेलीखाली बसलेला, घामाने भिजलेला, असंबद्ध बोलत होता.

साखर ३१२ नव्हतीच. बोटावर द्राक्षाचा रस होता. टोचल्यावर येणारा रक्ताचा थेंब इतका लहान असतो की त्यात रसाचा अंश मिसळला तरी आकडा कित्येक पटींनी फुगतो. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये लोकांना फळं सोलायला देऊन हे तपासलं, त्यात द्राक्षंही होती. अल्कोहोलच्या बोळ्याने बोट पुसून भागलं नाही; पाण्याने हात धुतल्यावरच खरा आकडा आला. आपल्याकडे दवाखान्यात बोळ्याने पुसायची इतकी सवय आहे की पुसलं म्हणजे स्वच्छ झालं, असं सगळ्यांना वाटतं. द्राक्ष, ऊस, गूळ, बेदाणा हाताळणाऱ्या प्रत्येक मधुमेहीला हे ठाऊक असायला हवं, मग तो पंपावर असो की गोळ्यांवर.

तो गिळू शकत होता, हे नशीब. बायकोने पंपाचं इन्सुलिन थांबवलं, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी हात धुऊन पाहिलं तर ५८. पुन्हा तेवढीच साखर. चार युनिट आत असल्याने ती त्याला पुढचे तीन तास थोडं थोडं खायला घालत राहिली. बेशुद्ध असता तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठायचा, हे तिला माहीत होतं.

याच हंगामातली एक गोष्ट मला फार आवडली. गोडी तपासायला तो दिवसभर मणी तोंडात टाकत असतो. त्यांचा हिशेब कसा धरायचा, असं मी विचारलं, तर त्याने रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचं यंत्र, काढलं. "ताई, १८ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण अठरा ग्रॅम साखर की. वीस मणी खाल्लं की तुमचं पंधरा ग्रॅम झालं." कर्बोदकं मोजायला मी किती जणांना शिकवलं असेल, पण इतकं नेमकं गणित कोणी मांडलं नव्हतं. काढणीच्या दिवसांत तो आता मणी मोजूनच खातो.

एप्रिल

खरड छाटणीच्या दिवसांत, भर उन्हात, पंपाची सगळ्यात धोक्याची बाजू दिसली. सकाळी दहाला साखर २६८. पंपाने बोलस दिलं. बाराला ३३१. पुन्हा दिलं. मग मळमळ, उलटी. त्या दिवशी पहाटे शेजारच्या बागेत औषध मारलेलं होतं, त्यामुळे भोवतीच्या माणसांनी विषबाधा म्हणून गाडी काढली. कुणी म्हणालं ऊन लागलं.

बायकोने त्याची बनियन वर केली. घामाने चिकटपट्टी सुटली होती, कॅन्युला बाहेर आलेला, आणि कापडाला दवाखान्यासारखा उग्र वास. इन्सुलिनमध्ये टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्यांचा तो वास असतो. दोन्ही बोलस कपड्यात गेले होते.

पंपाने आवाज का केला नाही? नळी तुंबली तर पंप ओरडतो, कारण दाब वाढतो. गळती झाली तर दाब वाढत नाही, पंपाला वाटतं सगळं ठीक चाललंय. आणि पेनवरच्या माणसाच्या अंगात दीर्घ काम करणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, तसा पंपावाल्याच्या अंगात नसतो. धार थांबली की काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी आम्लं, रक्तात साठायला लागतात. म्हणून साखर अडीचशेच्या वर गेली आणि पंपाने दिलेल्या एका बोलसने उतरली नाही, तर दुसरं बोलस पंपाने देऊच नये. सिरिंजने किंवा पेनने द्यावं, कीटोन तपासावेत, सेट म्हणजे नळी आणि कॅन्युला बदलावा.

सिरिंज हा वेगळाच धोका ठरला. आपत्कालीन डबा घरी राहिला होता. एक पोरगा गावातल्या मेडिकलमधून सिरिंज घेऊन आला, लाल टोपणाची. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. पंपातलं इन्सुलिन १०० चं. लाल सिरिंजने सहाच्या खुणेपर्यंत भरलं असतं तर अंगात पंधरा युनिट गेले असते. बायकोने ती बाजूला ठेवली आणि पोराला डबा आणायला परत पिटाळलं. डबा आल्यावर नारिंगी सिरिंजने सहा युनिट दिले, लघवीच्या पट्टीवर कीटोनचा गडद जांभळा रंग पाहिला आणि त्याला सांगलीला नेलं. गाडीतून उतरताच तिने सांगितलं: टाइप १ आहे, पंपावर आहे, पंप निघाला होता, कीटोन आलेत. औषध मारल्याचं त्यानंतर. शेतकरी उलट्या करत आला की विषबाधेची शंका आधी येणं साहजिक आहे, आणि ती तपासायलाही हवी. पण कीटोनचा रुग्ण खोल आणि जलद श्वास घेतो, तोंड कोरडं पडतं. फवारणीच्या नेहमीच्या विषात लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात. तिच्या त्या चार वाक्यांनी वेळ वाचला. सलाईन आणि शिरेतून इन्सुलिन देऊन तो दुसऱ्या दिवशी घरी आला.

त्यानंतर डबे दोन झाले, एक घरी, एक बागेतल्या शेडमध्ये: नारिंगी सिरिंज, जादा सेट, बॅटरी, कीटोनच्या पट्ट्या, साखर. इन्सुलिन मात्र शेडमध्ये ठेवत नाहीत, ते रोज घरून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या लहान मडक्यातून येतं. उन्हाळ्यात टाकी तीन दिवसांची न भरता दोन दिवसांची भरायची, कारण ३७ अंशांच्या वर इन्सुलिनची ताकद घटू लागते.

आज

दीड वर्षाने एचबीए१सी ७.४ आहे. काढणीतला तो प्रसंग सोडला तर साखर उतरून दुसऱ्याची मदत लागलेली नाही. पंप आला तो एका बऱ्या सालातल्या बेदाण्याच्या पैशातून, आणि सेट, टाक्या, इन्सुलिन, पट्ट्या यांचा दर महिन्याचा खर्च काही हजारांचा आहे, तो बाजार पडला म्हणून थांबत नाही. ज्या घराला बोट टोचायच्या पट्ट्या पुरेशा परवडत नाहीत, त्या घराने पंपाच्या मागे लागू नये, असं मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. आधी पट्ट्या, मग पंप. दिवसातून पाच-सहा वेळा तपासणी नसेल तर पंप पेनपेक्षा जास्त धोक्याचा आहे.

सेन्सरला, म्हणजे अंगावर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या यंत्राला, स्वतःहून जोडला जाऊन इन्सुलिन कमी-जास्त करणारा पंप घ्यावा का, हे त्याचं ठरलेलं नाही. यंदाचे बेदाण्याचे सौदे झाल्यावर बघू म्हणतो. एप्रिलचं उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही. उन्हातल्या कामात कधी साखर उतरते, कधी चढते, आणि वहीतल्या एका हंगामाच्या नोंदींवरून काही ठरवता येत नाही. १४ दिवस चालणारा एक सेन्सर त्याने येत्या खरड छाटणीसाठी राखून ठेवला आहे. चिकटपट्टीवर वरून आणखी एक पट्टी लावून, सेट दर दोन दिवसांनी सकाळीच बदलून, तो पंधरवडा आम्ही मोजणार आहोत.